परात मावली पाहिजे

दुकानात शिरले ती परात काखेत मारून.
वडगावातून खानापूर रोडपर्यंत
ती स्कूटरवर आमच्या दोघांच्या मधे बसून आली,
खड्ड्याखड्ड्याला वाजत.
हे म्हणाले, टेप आहे की, मोजून घेऊ.
टेपला काय कळतंय, म्हटलं.

जुनं सिंक सोळा इंची.
घर बांधताना पैसे फरशीत गेले,
उरल्या चिल्लरीत ते आलं.
अकरा वर्षं परात त्यात तिरकी उभी,
आणि काठावरून पाणी सरळ माझ्या पोटावर.
पोट भिजलं की नवरा दारुडा निघतो, आई म्हणायची.
हे तर सोड्याची बाटलीसुद्धा दोन दिवस पुरवतात.
चार इंच कमी पडत होते, बाकी काही नाही.

दुकानदार मल्लेशी एकेक दाखवत गेला.
दोन कप्प्यांचं : एकात घासा, एकात विसळा.
परात दोन्हीत नाही.
काळं, क्वार्ट्झचं, दिसायला कडप्पा,
किमतीला कडप्प्याची अख्खी खाण.
एकाचा नळ तर मान लांबवून बाहेर येतो, कासवासारखा.
मी प्रत्येकाला बोटाच्या पेरानं वाजवलं.
पातळ पत्रा लगेच बोलतो, जाड गप्प बसतो.
ह्यांची बावीस वर्षं उद्यमबागच्या फौंड्रीत गेली,
ते नखानं कडेची जाडी बघत राहिले
आणि म्हणाले, आवाज नको, ही पहाटे भांडी घासते.

खोल किती? नऊ इंच. मग माझी कंबर गेली.
उथळ घ्या. मग पुन्हा पोट भिजलं.
एष्टु? साडेआठ हजार. जास्ती आयतु.
भाव कानडीत चालला होता,
कुरकुर मराठीत.

मग एकात ती बसली.
चोवीस बाय अठरा, मॅट, बिनचकाकीचं.
बाळाला घंगाळात ठेवावं तशी
आडवी टेकली, सगळीकडून बोटभर जागा सोडून.
मल्लेशी वाकला. चष्मा कपाळावर सरकवला.
काठाशी अंगठा फिरवत वाचलं त्यानं,
"नीलव्वा. हुक्केरी."
मग मला, "तुमच्या आई का?"

परात मोडीतली.
लग्नानंतर दुसऱ्या वर्षी शहापुरातून
वजनावर घेतलेली, पितळेच्या भावात.
कानडी मला येते, बाजारापुरती, भांडणापुरती,
अक्षरं नाही येत.
ठिपक्याठिपक्यांची ती गोल ओळ
मी नक्षी समजत होते.
नक्षीवरून पंचवीस वर्षं
आधी राख फिरवली, मग साबण,
मग ह्यांनी आणलेली तारेची घासणी.

अजून काय आहे, विचारलं.
"होतं. झिजलंय. कुणी दिली ते गेलं.
तवरमनि, एवढं लागतंय हाताला."
तवरमनि म्हणजे माहेर.
हा शब्द कुणी सांगावा लागला नाही.

अठराशे कमी केले त्यानं, मी न मागता.
सिंक टेम्पोत गेलं, परात माझ्या मांडीवर आली,
नाव आतल्या बाजूला धरून.
वाटेत ह्यांना विचारलं,
बाई माहेरची परात कधी विकते हो?
सिग्नल सुटला होता. त्यांना ऐकू गेलं नसेल.

काल प्लंबर बसवून गेला.
रात्री जेवणं झाल्यावर परात आत ठेवली,
नळ सोडला. पाणी चढत काठापर्यंत आलं.
तारेची घासणी खिडकीत ठेवून दिली
आणि काथ्या घेतला.
पोट कोरडं.
हे आतून ओरडले, कुठं गळतंय का?
मी सिंकच्या खाली हात घालून चाचपलं,
मग परातीच्या काठावरून बोट फिरवलं,
नीलव्वापासून हुक्केरीपर्यंत,
आणि नाही म्हणून सांगितलं.